दिवा खाली, उजेड वर

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

आज बनाबाईंनी मला घरातून हाकललं. माझी बायको असली तरी वहीत मी तिला अहोजाहो करतो, कारण तोंडावर करायची सोय नाही. केलं की लगेच विचारते, "आता काय पायजे?"

कारण म्हटलं तर दूध. गॅसवर ठेवून माझ्याकडं बघायला दिलं होतं. आता सकाळची वेळ, खिडकीतून ऊन, समोर पांढरंशुभ्र दूध हळूहळू फुगतंय. मला सातवीतली ढगांची कविता आठवली. तिसऱ्या कडव्याशी आलो आणि दूध उतू गेलं. चौथं कडवं आठवत नव्हतं, म्हणून मी तसाच उभा.

"पाच वर्सं झाली शाळा सुटून," बनाबाई म्हणाल्या, "पण ह्यांचा तास काय संपंना. निशा, ह्यास्नी तुझ्या कारखान्यात घिऊन जा बाई. तिथं दूध न्हाय."

निशा आमची एकुलती मुलगी. नाव मी ठेवलं, एका रात्रीवरच्या कवितेच्या नादात. इंजिनियर झाली, पुण्यात गाड्यांचे दिवे करणाऱ्या कंपनीत चार वर्षं काढली आणि औंदा उन्हाळ्यात सगळं सोडून परत आली. उद्यमनगरात एक शेड भाड्यानं घेतलीय, भागीदार तिच्याच वर्गातला प्रसेनजीत. दोघं मिळून ट्रॅक्टरचे हेडलाइट करतात. हातकणंगल्याच्या विजयसिंहांनी, म्हणजे ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या व्यापाऱ्यांनी, पहिली मोठी ऑर्डर दिलीय. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत माल द्यायचा. हा माल पसंत पडला तर शेड चालली, नाहीतर परत पुणं.

मी म्हटलं, येतो. उजेडाशी माझं वैर कुठंय?

६ ऑक्टोबर

शेडचं शटर खाली ओढलं की भर दुपारी बारा वाजता रात्र होते. असलं सुख मला शाळेत कधी मिळालं नाही. समोरच्या भिंतीवर निशानं एक काळी आडवी रेघ मारलीय. दिवा लावला की उजेडाचा पट्टा त्या रेघेच्या खाली राहिला पाहिजे. रेघेच्या वर गेला तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

निशानं मला पाठ दिला. पंचवीस-तीस वर्षं मी दिले, आज घेतला.

हेडलाइटची वाटी आतून आरशासारखी असते. तिच्या पोटात एक जागा आहे. त्या जागेला रंग नाही, खूण नाही, बोट लावून ती सापडत नाही. पण बल्बची तार बरोबर तिथं जळाली तर सगळा उजेड एका दिशेनं सरळ निघतो, कवायतीच्या पोरांसारखा. हा अप्पर. डिपरची तार ठरवून त्या जागेच्या किंचित वर ठेवतात, म्हणजे उजेड खाली, रस्त्यावर पडतो.

"म्हणजे दिवा वर असला की उजेड खाली?" मी विचारलं.

"व्हय. आणि दिवा खाली घसरला की उजेड वर. उलटं असतं, आण्णा."

मी दोनदा विचारून खात्री केली. दिवा खाली झुकला की उजेड वर जातो! अगं, हे तर कवितेतच असायला हवं होतं. नम्र माणसाची कीर्ती. मी लगेच तिथल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर दोन ओळी लिहिल्या:

झुके ज्योत खाली, प्रकाश चढे वर
नम्रतेचे घर, आभाळात

प्रसेनजीतनं वाचलं आणि म्हणाला, "सर, कविता बरी हाय, पण ह्याला आमच्यात रिजेक्शन म्हणत्यात."

पोरगा गोड आहे. त्याचे वडील वारणानगरला साखर कारखान्यात होते. बोलतो कमी, बघतो जास्त.

मग त्यानं जिग दाखवली. लोखंडी चौकट, मधोमध पितळेची गोल बैठक, मोठ्या नाण्याएवढी, आपल्याकडं जरा कललेली. वाटी तिच्यावर पालथी घालायची, बल्ब धरणारी कडी बैठकीवर टेकवायची आणि दाबून रिव्हेट मारायचे. बैठक सांगेल तिथं कडी बसते, कडी सांगेल तिथं बल्ब आणि बल्ब सांगेल तिथं उजेड. ही बैठक निशानं पुण्याहून स्वतः उभं राहून करून आणलीय. दुसरी कसलीही वस्तू हलवा, पण हिला कुणी धक्का लावायचा नाही.

गाभारा, दुसरं काय!

१० ऑक्टोबर

पहिला लॉट गेला. विजयसिंह स्वतः आले होते, पांढरा सदरा, आवाज असा की शेडचे पत्रे वाजावेत. भिंतीवर उजेड बघितला, रेघ बघितली, म्हणाले, "पोरी, रेघेला कसा चिकटलाय बघ की! शाळेत पट्टीनं मारल्यागत!" मला उगीच बरं वाटलं. पट्टीचा विषय निघाला की मला वाटतंच.

लगेच पुढचा लॉट सांगितला, पहिल्याच्या दुप्पट. दिवाळीच्या आत.

जिगवर यल्लव्वा असते. निपाणीकडची, हात असा चालतो की बघत राहावं. मला अज्जा म्हणते. आज म्हणाली, "अज्जा, तुमी कविता म्हणत बसा ओ, माझं रिव्हेट तालात पडतंय." म्हणून मी दिवसभर म्हटल्या. घरी आलो तर घसा बसलेला. बनाबाई म्हणाल्या, "देव पावला."

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचा दिवस सविस्तर लिहायचा.

उद्यमनगरात आज एकही मशीन चालत नाही. सगळी धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून नवऱ्यामुलासारखी बसलेली असतात. गल्लीत पायरीपायरीला रांगोळी आणि शेवचिवडा. निशा म्हणाली, "आण्णा, पूजा तुम्हीच करा." मी धोतर नेसून गेलो.

प्रसेनजीत बौद्ध. त्यांच्यात ही पूजा नाही. पण सकाळी सकाळी मार्केट यार्डातून मोटरसायकलवर झेंडूची ही मोठी पिशवी त्यानंच आणली. म्हणाला, "सर, फुलं माझी, पूजा तुमची. उद्या आमचा धम्मचक्र दिन, मी विहारात. परवा येतो." मग स्टूल घेऊन बाहेर बसला आणि माळा ओवत राहिला. त्याच्या माळा सगळ्यांत सारख्या. दोन फुलांमधलं अंतर मोजून घ्यावं.

आता माझी करामत. हळदीकुंकवाचं गंध दोन दिवसांत पोपडे धरून गळतं, हे मला पहिल्यापासून खटकतं. मशीनची पूजा वर्षाची, मग गंध दोन दिवसांचं का? शाळेत दर्शनी फळ्यावरचा सुविचार मी रंगानं लिहायचो तेव्हा रंगात डिंक घालत असे. एकदा लिहिलेला सुविचार पुढच्या जूनपर्यंत हलायचा नाही. हेडमास्तर बदलले, सुविचार तोच. म्हणून काल रात्री बाभळीचा डिंक भिजत घातला आणि आज त्यात हळद कालवली. काय झालं होतं! मधासारखं.

ड्रिल मशीनला बोटं उठवली, प्रेसला उठवली, भिंतीवरच्या रेघेलासुद्धा एक टिकली लावली. आणि मुख्य म्हणजे पितळी बैठक. तिला वरच्या अंगाला लावलं असतं तर ओघळलं असतं, म्हणून तोंडावरच, पण खालच्या कडेला, पाच पाकळ्यांचं कमळ काढलं. अगदी बारीक हातानं. पितळ पिवळं, हळद पिवळी, त्यामुळं पटकन दिसत नाही. पण देवाला दिसलं म्हणजे झालं. मला तर डोळ्यांच्या ह्या धुरकटपणात काहीच धड दिसत नव्हतं, तरी हात चुकला नाही. हाताला सवय असते.

यल्लव्वा म्हणाली, "छान काढलंय अज्जा. मी पुसू देनार न्हाई कुनाला."

"पुसायचंच नाही," मी सांगितलं. "पुढच्या दसऱ्यापर्यंत."

२० ऑक्टोबर

काम पुन्हा सुरू; दुसऱ्या लॉटचे रिव्हेट आजपासून, आणि दिवाळीच्या घाईत भिंतीवरची तपासणी बंद, सगळा भरवसा जिगवर. यल्लव्वाचा हात दसऱ्याआधीपेक्षा जोरात. पूजेचा गुण.

२७ ऑक्टोबर

संध्याकाळी शेडसमोर एक ट्रॅक्टर उभा होता, आपलेच नवे दिवे बसवलेला. ड्रायव्हरनं डिपर लावला आणि मी थबकलोच. दिव्याभोवती इंद्रधनुष्याची गोल कडी! देवाच्या मागं प्रभावळ असते तशी. आणि मधून उजेड असा थेट डोळ्यांत आला की गटार दिसेना, पायरी दिसेना. एका रिक्षावाल्यानं हाताला धरून बाजूला घेतलं.

घरी निशाला सांगितलं, "तुझा दिवा डोळ्यांत लागतो गं."

ती म्हणाली, "आण्णा, तो तुमचा मोतीबिंदू. कधीपासून म्हणतेय, दाखवून घ्या."

"पण मला तर—"

"प्रभावळ पण दिसली असंल?"

"दिसली."

"मग मोतीबिंदूच."

बनाबाई म्हणाल्या, "त्यांना लग्नात मीबी प्रभावळीसकट दिसलेली. तवा कुठं होता मोतीबिंदू?" खरंच दिसल्या होत्या.

१ नोव्हेंबर

विजयसिंहांचा फोन आला. निशानं रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता तरी मला सगळं ऐकू आलं.

"काय दिवं म्हणायचं का काय हे? पहिला लॉट सोन्यासारखा, आणि ह्या लॉटमधला डिपर डायरेक आभाळात! माझ्या ड्रायव्हरला रस्ता दिसंना, झाडावरली घुबडं दिसत्यात! काल यष्टीवाला खाली उतरून शिव्या देऊन गेला. ऊस घेऊन खड्ड्यात गेला असता ट्रॅक्टर, मग? पोरी, तुझा बाप मास्तर हाय म्हणून गप बसलोय."

पूर्ण लॉट परत येतोय. पंधरा नोव्हेंबरपर्यंत सुधारून दिला तर ठीक, नाहीतर ते दिल्लीचा माल घेणार आणि ह्यापुढं निशाचं तोंड बघणार नाहीत.

संध्याकाळी परतीचा पहिला खोका आला आणि निशानं शटर खाली ओढलं. परत आलेला एक दिवा लावला. पट्टा काळ्या रेघेच्या वर, चांगला चार बोटं. दुसरा लावला. तोही वर. तिसरा. सगळे सारखेच वर. एकही चुकार नाही.

"सगळे सारखं चुकतात म्हणजे वर्गाची चूक नाही," मी म्हटलं. "शिकवणाऱ्याची."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "व्हय आण्णा. मीच शिकवलंय त्यांना."

मला तसं म्हणायचं नव्हतं. जीभ चावली.

४ नोव्हेंबर

तीन दिवस शोध चाललाय. दुसऱ्या कंपनीचे बल्ब आणून लावले, तरी उजेड वरच. वाटीचा साचा मोजला. बरोबर. प्रसेनजीतला वाटलं जमीन खचली असेल, म्हणून पाणसळ लावून फरशी तपासली. सपाट. मग भिंतीवरची रेघच खाली सरकली की काय म्हणून ती पुन्हा मोजली. रेघ जागच्या जागी, माझ्या टिकलीसकट.

प्रसेनजीत एकदा जिगपाशी उभा राहिला, वाकून बैठकीकडं बराच वेळ बघितलं, हात पुढं केला आणि मागं घेतला. यल्लव्वा म्हणाली, "त्याला हात नगं लावू दादा, पूजेचं हाय." तो म्हणाला, "तेच की," आणि गेला.

मीही माझ्या परीनं हातभार लावतोय. पोरांचे चेहरे उतरलेत म्हणून चालीत कविता म्हणतो. आज पावसात भिजलेल्या पाखराची म्हटली, तर यल्लव्वाच्या डोळ्यांत पाणी. निशा म्हणाली, "आण्णा, जरा आनंदी असलेली म्हणा की." मग आठवायला लागलो. आनंदी कविता आमच्या काळी पाठ्यपुस्तकात कमी होत्या, हे आज कळलं.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरात पणत्या. निशानं एक पणती हातात घेतली, वात वरखाली करून बघत बसली. बनाबाईंनी करंजीचं ताट पुढं ठेवलं तर हातही लावला नाही.

"पुण्याच्या मॅडमचा निरोप आलाय," ती म्हणाली. "माझी जागा अजून भरली नाही. हा लॉट सुधारला नाही तर एक तारखेपासून जाईन म्हणते. प्रसेनजीतला मात्र तोंड दाखवायला जागा नाही. त्यानं वारणानगरची चालू नोकरी सोडलीय माझ्या शब्दावर."

बनाबाई एकदम म्हणाल्या, "जाऊ नकोस." एवढंच. एरवी एका वाक्यात सतरा टोमणे घालणारी बाई. मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजली.

मी गॅलरीत उभा राहिलो. गल्लीतल्या प्रत्येक पणतीला प्रभावळ. एवढ्या सगळ्या उजेडात आपल्या पोरीचा उजेड तेवढा चुकावा! लहानपणी तिला अंधाराची भीती वाटायची. मी तिच्या उशाशी बसून कविता म्हणायचो, ती झोपल्यावरही म्हणत राहायचो. ती गेली की ह्या घरात पुन्हा मी आणि दूध.

९ नोव्हेंबर

आज किरणोत्सवाचा पहिला दिवस. निशाला म्हटलं, चल. ती नको म्हणत होती. बनाबाईंनी ढकललं: "जा. त्यास्नी एकट्याला सोडलं तर गर्दीत कविता म्हणत हुबा ऱ्हातील, आनि मग मी हुडकत बसू."

अंबाबाईच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत आलं, पायरीपायरीनं सरकत गाभाऱ्यात गेलं आणि देवीच्या पायांशी टेकलं. घंटा, गजर. माझ्या शेजारच्या म्हातारीनं माझाच हात कपाळाला लावला. मला दिसलं ते सगळं पिवळंधमक आणि धुरकट, पण दिसलं.

बाहेर आल्यावर मी निशाला म्हटलं, "तुझं शास्त्र नव्हतं तेव्हा हे ज्यानं मांडलं, त्याची जिग कसली असेल गं? कुठला सूर्य, कुठली देवी, आणि मधे एवढी मोठी वाट."

ती चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत होती.

"आणि एखाद्या वर्षी किरणं तोंडापर्यंत पोचली नाहीत की लोक हळहळतात. आता त्यात सूर्याचा काय दोष? देवी काय जागची हलली? दोघं आपल्या जागेवर. मधे कुणाची तरी गच्ची येते, टाकी येते. उजेड चुकला की दिव्याला बोल लावू नये, देवाला लावू नये, मधे नवीन काय आलंय ते बघावं."

मी आपलं बोलत होतो. बोललो की मला बरं वाटतं. निशा एकदम थांबली. मागून येणारा फुगेवाला तिच्यावर आदळला.

"नवीन काय आलंय," ती म्हणाली. "पहिल्या लॉटनंतर नवीन काय आलं?"

"काही नाही गं. दसरा आला."

ती माझ्याकडं बघतच राहिली. असं तर तिनं दहावीच्या निकालादिवशीसुद्धा बघितलं नव्हतं. मग रिक्षा थांबवली, मला आत बसवलं. "आण्णा, तुम्ही घरी जा. आईला सांगा मला उशीर होईल." आणि स्वतः उद्यमनगरच्या दिशेनं जवळजवळ पळतच गेली.

१० नोव्हेंबर

सापडलं!

सकाळी शेडमध्ये गेलो तर शटर खाली, आत अंधार, आणि भिंतीवर उजेडाचा पट्टा काळ्या रेघेच्या खाली, पट्टीनं मारल्यासारखा. यल्लव्वा टाळ्या वाजवत होती. प्रसेनजीत मला बघून उगीचच चष्मा पुसायला लागला.

"काय होतं?" मी विचारलं.

"धूळ, सर," प्रसेनजीत म्हणाला.

"कुठं?"

"बैठकीवर. एका कडेला. कडी तिथं जरा तिरकी बसायची, बल्ब खाली झुकायचा, उजेड वर."

"म्हणजे माझी कविता!"

"व्हय सर. तुमचीच." आणि तो खोकत बाहेर गेला.

यल्लव्वा म्हणाली, "अज्जा, दगडासारखं बसलं होतं ओ! बाईंनी ब्लेडनं खरवडून खरवडून—"

"यल्लव्वा, चहा सांग," निशा म्हणाली.

"सांगतो की. पन अज्जा, इतकं घट्ट—"

"यल्लव्वा!"

उद्यमनगरची हवाच तसली. सगळीकडं लोखंडाचा भुगा, तेल. धूळसुद्धा दगड होऊन बसते. मी निशाला म्हटलं, बैठकीवर रोज फडकं मारत जा. ती म्हणाली, "मारीन, आण्णा." तिच्या उजव्या हाताच्या नखांत पिवळं दिसलं. रात्रभर दमून आली आणि पहाटे स्वयंपाक केला वाटतं. मी विचारलं, "हळद कशाची? भाजी केलीस?" ती म्हणाली, "व्हय. बटाट्याची." शहाणी मुलगी. उभ्या जन्मात चुलीकडं गेली नव्हती, संकटात सगळं सुचतं.

प्रसेनजीत निघताना तिला हळूच म्हणाला, "माझ्या डोळ्यांसमोर होतं गं, पण हात लावायला धजलो न्हाय. वाटलं, दुसऱ्याची श्रद्धा." मी पुढं जाऊन विचारणार होतो, कशाबद्दल बोलतोस, तेवढ्यात चहा आला.

परत आलेल्या सगळ्या दिव्यांच्या कड्या काढून नव्यानं बसवायच्या. हात कमी पडतील म्हणून बनाबाईसुद्धा डबा घेऊन येणार आहेत. निशानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बनाबाईंनी तोंडाला पदर लावला तो जेवण होईपर्यंत काढला नाही. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाय," म्हणाल्या, "ठसका लागला."

१४ नोव्हेंबर, रविवार

हातकणंगल्याच्या अलीकडच्या रस्त्यावर दिवेलागणीला परीक्षा झाली. ट्रॅक्टर उभा केला, डिपर लावला. विजयसिंह समोरून चालत आले. आधी डोळ्यांवर आडवा हात धरून, सवयीनं. मग हात खाली घेतला. मग रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसले, मोटरसायकलवाल्याच्या उंचीवर. निशानं श्वास धरला होता, मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. एकही वाजत नव्हती.

विजयसिंह उठले, गुडघे झटकले. "न्हाय लागत."

"नक्की?" निशा म्हणाली.

"आगं न्हाय लागत म्हटलं की! खड्डा ना खड्डा दिसतोय, घुबड एकबी न्हाय!"

तेवढ्यात समोरून एक ट्रक आला, आमच्याजवळ हळू झाला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "पावणं, ट्रॅक्टरचा डिपर असा पहिल्यांदाच बघितला! कुठं मिळतोय?"

विजयसिंहांनी छाती पुढं काढली, जसा काही त्यांनीच केला. "माझ्याकडं!" मग निशाकडं बघून जरा आवाज उतरवला. "हिनं केलाय. मास्तरांची पोरगी."

पुढच्या वर्षाची ऑर्डर तिथंच, बांधावर पक्की. पुण्याच्या मॅडमना निशा उद्या फोन करणार: येत नाही. रात्री आमच्याकडं तांबडा-पांढरा रस्सा. प्रसेनजीत पांढऱ्याच्या चार वाट्या प्यायला. बनाबाई त्याला वाढता वाढता म्हणाल्या, "घे रं, तुझी नोकरी हिनं सोडवली आनि शेड ह्यांनी बुडवत आणलेली." मी म्हटलं, मी काय केलं? सगळे इतके हसले की मीही हसलो. जेवणावर लोक कशालाही हसतात.

२३ जानेवारी २०००

डोळ्याची पट्टी निघाली.

देवा, आभाळ इतकं निळं होतं? बनाबाईंचं लुगडं मी पोपटी समजत होतो, ते मोरपंखी आहे. म्हणाल्या, "सोळा वर्सं मोरपंखीच हाय." दिव्यांभोवतीच्या प्रभावळी मात्र गेल्या. थोडी चुटपुट लागली.

शेडमध्ये जाऊन सगळं नव्यानं बघितलं. भिंतीवरची रेघ, तिच्यावरची माझी टिकली, अजून जशीच्या तशी. पण पितळी बैठकीवरचं कमळ नाही! ड्रिलवर आहे, प्रेसवर आहे, इथंच तेवढं नाही. प्रसेनजीतला दाखवलं. तो म्हणाला, "वापरानं गेलं असंल, सर."

वापरानं! मी लावलेला सुविचार तीन हेडमास्तर पुसू शकले नाहीत. हल्लीचा डिंकच भेसळीचा. दुकानदाराला चार शब्द सुनावले पाहिजेत.

६ ऑक्टोबर २०००, खंडेनवमी

शेड आता दोन झाल्यात. यल्लव्वाच्या हाताखाली तिची बहीण आलीय, तीही मला अज्जा म्हणते. दिवे इचलकरंजीपर्यंत जातात.

ह्या वर्षी डिंक गोळा करायला मी स्वतः रंकाळ्यापलीकडं बाभळीपर्यंत जाऊन आलो. दुकानाचा भरवसा नको. वाटी घेऊन शेडमध्ये पाऊल टाकलं तर निशा आणि प्रसेनजीत दोघं दारातच उभे. पलीकडं जिग दिसत होती. तिच्यावर काचेची पेटी बसवलेली आणि पेटीला कुलूप.

"आण्णा, थांबा," निशा म्हणाली. प्रसेनजीतनं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं. उघडलं तर पितळी बैठक! हुबेहूब तशीच, फक्त आरशासारखी घासलेली, खाली शिसवी पाट. त्यानं रविवारी घरी बसून केलेली.

"सर, यंदापासून पूजा हिची," तो म्हणाला.

मी बैठकीकडं बघितलं, कुलूपबंद पेटीकडं बघितलं, आणि मला कळलं! देवळात हेच तर असतं. मूळ मूर्ती गाभाऱ्यात, तिला कुणी हात लावायचा नाही. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. गंध, फुलं, अक्षता, भक्तांची हौस सगळी तिच्यावर. मी त्यांना हे समजावून सांगितलं. निशा म्हणाली, "अगदी बरोबर, आण्णा. आम्हाला हेच म्हणायचं होतं." तिचे डोळे भरून आले होते. हसत पण होती. बनाबाई मागं तोंडाला पदर लावून उभ्या. ठसका बारा महिने तेरा काळ.

झेंडू प्रसेनजीतनंच आणला होता. बाहेर स्टुलावर बसून त्यानं माळ ओवली, ती मी उत्सवमूर्तीला घातली. मग हळद कालवायला घेतली. डिंक किती घालू म्हणून निशाकडं बघितलं.

"घाला आण्णा," ती म्हणाली, "हवा तेवढा घाला."

दुप्पट घातला.